मान न वळणारा बॅटमॅन आणि आणखी काही प्रश्न

गेल्या अंकात या सदरात मी विचारलं होतं: एकच सुपरहिरो अनेक नटांनी साकारला असेल तर त्यातला तुमचा कोणता, आणि का? ‘का’ वर मी जोर दिला होता, आणि वाचकांनी तो मनावर घेतलेला दिसतो. पत्रं लांबलचक आहेत, भांडणाऱ्यांची जास्त आहेत. मी पुण्यात तरुण मुलामुलींना आवाजाचं आणि शरीराचं काम शिकवते, त्यामुळे उत्तरं त्याच बाजूने देणार आहे. कोणता सिनेमा किती चालला, कोणत्या कंपनीने काय ठरवलं, हे या पानावर येणार नाही.

*

ताई, आमच्या घरात बॅटमॅनवरून तीन तट पडले आहेत. मी कॉलेजात असताना मायकेल कीटनचा बॅटमॅन पाहिला आणि अजून त्याच्याच बाजूचा आहे. थोरला ख्रिश्चन बेलशिवाय कुणाचं नाव ऐकून घेत नाही. धाकटी म्हणते, रॉबर्ट पॅटिन्सन. परवा जेवताना थोरला म्हणाला, “बाबा, तुमच्या कीटनला साधी मान वळवता येत नाही, तो कसला बॅटमॅन?” मला उत्तर सुचलं नाही. निकाल द्या.
– एक बाबा, कोथरूड

निकाल देते, आणि तुमच्या मुलाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याचं निरीक्षण अचूक आहे. १९८९ च्या सिनेमात कीटनचा मुखवटा डोक्यापासून खांद्यांपर्यंत सलग रबराचा होता. डावीकडे बघायचं असेल तर कमरेपासून अख्खं अंग वळवावं लागायचं. ऐकूही नीट येत नसे. अशा पोशाखात नट दोनच गोष्टी करू शकतो. पोशाखाशी झगडत बसतो, किंवा त्या जखडलेपणातूनच माणूस उभा करतो. कीटनने दुसरं केलं.

सुरुवातीचा गच्चीवरचा प्रसंग मुलाला शेजारी बसवून पुन्हा दाखवा. दोन भुरटे चोर लुटलेले पैसे मोजत बसले आहेत. मागून बॅटमॅन उतरतो. गोळी लागते, पडतो, उठतो, आणि एकाला धरून गच्चीच्या कडेबाहेर लोंबकळत ठेवतो. या सगळ्यात त्याची हालचाल किती कमी आहे ते मोजा. तो झटकन इकडे तिकडे बघत नाही. जिकडे वळतो तिकडे पूर्ण वळतो, त्यामुळे ज्याच्याकडे वळला त्याला वाटतं, आता आपली सुटका नाही. माणूस सहसा आधी डोळे वळवतो, मग मान, मग खांदे. हा क्रम काढून घेतला की समोरचा प्राणी माणूस वाटेनासा होतो. कीटनला हे कळलं आणि त्याने ते शेवटपर्यंत धरून ठेवलं.

माझ्या वर्गात मी हेच करून घेते. मानेभोवती जाड टॉवेल घट्ट गुंडाळायचा, वर सेफ्टी पिन लावायची आणि रोजचा एखादा प्रवेश करायचा, म्हणजे चहा विचारणं, दाराची कडी काढणं, भावाला रागावणं. पहिली काही मिनिटं सगळे अवघडतात. मग त्यांच्या लक्षात येतं की उगाच केलेल्या हालचाली गळून पडल्यात आणि उरलेली प्रत्येक हालचाल ठरवून होते आहे. भावाला रागावण्याचा प्रवेश तर एकदम धोकादायक दिसायला लागतो.

आणि मुखवटा नसलेला कीटन? तो ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनचा मुखवट्यामागचा माणूस, मला आणखी आवडतो. भल्यामोठ्या लांब टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला फोटोग्राफर व्हिकी व्हेल, आणि सूप पिता पिता तो सांगतो की या खोलीत आपण पूर्वी कधी आलो होतो असं वाटत नाही. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरणारा, वाक्य अर्धवट सोडून देणारा हा माणूस रात्री काय करत असेल, याचं उत्तर त्या विसरभोळेपणात दडलेलं आहे: त्याचं लक्ष इथे नाहीच. या निवडीला तेव्हा प्रचंड विरोध झाला होता. स्टुडिओकडे सुमारे ५० हजार निषेधाची पत्रं आली असं सांगतात, कारण कीटन विनोदी नट म्हणून ओळखला जायचा. मला वाटतं, विनोदी नट होता म्हणूनच त्याला जमलं. वेळ साधणं त्याच्या अंगात मुरलेलं होतं, आणि थांबून राहणं हा वेळ साधण्याचाच भाग आहे.

आता बेल. २००४ मधल्या एका भूमिकेसाठी त्याने स्वतःला हाडांच्या सापळ्यापर्यंत वाळवलं आणि त्यानंतर काही महिन्यांत बॅटमॅनसाठी पुन्हा अंग भरलं, हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्याने केलेली विभागणी. त्याने दोन नव्हे, तीन माणसं उभी केली: मुखवट्यातला बॅटमॅन, जगासमोरचा उधळ्या श्रीमंत ब्रूस, आणि फक्त घरच्या जुन्या नोकरासमोर, आल्फ्रेडसमोर, दिसणारा थकलेला ब्रूस. २००५ च्या सिनेमात त्याच्या वाढदिवसाची मेजवानी आहे. शत्रू घरात शिरलाय, पाहुण्यांचा जीव वाचवायचा तर त्यांना घराबाहेर काढायला हवं, आणि खरं कारण सांगता येत नाही. तेव्हा तो दारू चढल्याचं सोंग करतो आणि सगळ्यांचा अपमान करून त्यांना हाकलतो. लोक तिरस्काराने निघून जातात. त्या क्षणी बेल एकाच वेळी तिन्ही माणसं खेळतोय: सोंग उधळ्याचं, हेतू बॅटमॅनचा आणि डोळे त्या थकलेल्या मुलाचे. इतकं अवघड काम दुसऱ्या कुठल्याही बॅटमॅनच्या वाट्याला आलं नाही, आणि आलं असतं तर पेललं असतं असं मला वाटत नाही.

त्याच्या आवाजाबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी अजिबात मागे घेणार नाही. मुखवटा घातला की बेल घसा आवळून गुरगुरतो. दोन शब्दांची धमकी द्यायला हे चालतं. पण २००८ च्या सिनेमाच्या शेवटी, खुनांचा दोष स्वतःच्या माथी घ्यायचं तो पोलीस अधिकारी गॉर्डनला समजावतो तेव्हा, सगळ्या सिनेमाचा विचार त्या चार-सहा वाक्यांत आहे, आणि ती त्याच गुरगुरीत येतात. घसा आवळला की स्वरांची लांबी जाते, व्यंजनं एकमेकांवर आपटतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष अर्थावरून आवाजाकडे जातं. इतक्या बुद्धिमान नटाने तिथे मुखवट्याला थोडी ढील द्यायला हवी होती.

एक गंमत मुलाला जरूर सांगा. मान न वळण्याचा त्रास बेललाही पहिल्या सिनेमात होताच. २००८ च्या सिनेमात ब्रूस त्याला साधनं पुरवणाऱ्या लुशियस फॉक्सकडे नवा पोशाख मागतो तेव्हा फॉक्सच ओळखतो, तुम्हाला मान वळवता यायला हवी आहे. मग शंभराहून अधिक तुकड्यांचा नवा पोशाख येतो. थोरल्याचा आक्षेप असा खुद्द सिनेमातच नोंदलेला आहे.

धाकटीचा पॅटिन्सन. २०२२ च्या सिनेमात तो मुखवटा काढतो तेव्हा डोळ्यांभोवती फासलेलं काळं तसंच राहिलेलं दिसतं, घामाने ओघळलेलं. मुखवट्याच्या भोकांतून कातडी दिसू नये म्हणून आधीच्या बॅटमॅननीही काळं लावलंच होतं, पण ते प्रेक्षकाला दाखवायचं नाही असा रिवाज होता. इथे ते चेहऱ्याचाच भाग झालंय, कारण हा मुलगा मुखवट्यातून बाहेर येतच नाही. त्याचा ब्रूस जवळपास नाहीच. आवाज दबका, जवळजवळ कुजबुज. खून झालेल्या महापौराच्या लहान मुलाकडे तो बघतो, पुढे अंत्ययात्रेला गेल्यावर पुन्हा बघतो. एक शब्द नाही. बाप गमावलेल्या दोघांची ती ओळख फक्त नजरेने होते, आणि पॅटिन्सन ती नजर हवी तेवढा वेळ धरतो, एक क्षणही जास्त नाही. धाकटीला सांगा, तिची निवड उत्तम आहे. सुमारे तीन तासांच्या सिनेमात मात्र मला त्याच्यात दुसरा एखादा रंग हवा होता.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. ॲडम वेस्टला हसण्यावारी नेऊ नका. १९६६ च्या मालिकेत भोवती सगळा धुडगूस चालू असताना तो एकटा चेहरा गंभीर ठेवतो, आणि ती मालिका त्या गांभीर्यावरच उभी आहे. व्हॅल किल्मरचा ब्रूस शांत आणि देखणा, पण त्याला करायला फार थोडं दिलं होतं. क्लूनी पोशाखातही क्लूनीच राहिला. बेन ॲफ्लेकचा पिकल्या कानशिलांचा, कडवट झालेला ब्रूस मला पटतो. त्याच्या बॅटमॅनचा आवाज कथेतच यंत्राने बदललेला दाखवलाय, म्हणजे बेलच्या घशाचा प्रश्न त्यांनी बाहेरून सोडवला.

आणि ज्याचं नाव तुमच्या तिघांपैकी कुणीच घेतलं नाही तो केव्हिन कॉनरॉय. १९९२ पासूनच्या कार्टून मालिकेचा आवाज. त्याच्याकडे ना पोशाख, ना जबडा, ना डोळे. होता फक्त आवाज, आणि त्याने ब्रूसचा वेगळा, बॅटमॅनचा वेगळा असे दोन्ही कमावलेले आवाज ऐकवले. त्याचा बॅटमॅन गुरगुरत नाही. आवाज छातीत उतरवतो आणि शब्द स्वच्छ ठेवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो गेला. माझ्या वर्गात मी आजही त्याचे तुकडे ऐकवते.

तर निकाल: मुखवट्यात कीटन, मुखवट्याबाहेर बेल. एकच निवडा म्हणाल तर कीटन, कारण पोशाखाने जेवढं शिल्लक ठेवलं होतं तेवढ्यातून सगळ्यात जास्त त्याने काढलं.

*

मी तुमचं सदर नेमाने वाचते. पण यावेळचा विषय काही रुचला नाही. मी डॉ. लागूंचे अप्पा बेलवलकर पाहिलेत, दत्ता भटांचेही पाहिलेत. एका भूमिकेत दोन नट कसे वेगळे दिसतात हे मला ठाऊक आहे. पण अंगाला रबर चढवून उड्या मारायच्या, निम्मं काम कॉम्प्युटर करणार, यात अभिनय तो कुठला?
– एक आजी, सदाशिव पेठ

आजी, नमस्कार. तुम्ही ज्या अनुभवाच्या बळावर विचारता आहात तोच अनुभव मला या विषयाकडे घेऊन आला. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चे अप्पा १९७० मध्ये डॉ. लागूंनी उभे केले, मग दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, २०१६ मध्ये नाना पाटेकरांनी पडद्यावर केले. संहिता तीच, स्वगतं तीच, आणि तरी प्रत्येक वेळी वेगळा म्हातारा भेटला. लागूंचे अप्पा बुद्धीने दुखावलेले वाटायचे. इतरांच्या अप्पांची जखम वेगळ्या जागी होती. तुम्ही हे प्रत्यक्ष पाहिलंय, तुम्हाला मी काय सांगावं.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. नातवाला सांगून १९७८ चा सुपरमॅन लावून घ्या. सगळा नका बघू. सुपरमॅन लोईस लेन या पत्रकार मुलीला आकाशातून फिरवून तिच्या घरी सोडतो त्याच्या पुढचे दोन मिनिटं बघा. तो गच्चीतून उडून जातो, आणि लगेच दार वाजतं. दारात क्लार्क केंट. तोच माणूस, आता चष्मा आणि सूट घातलेला बावळट सहकारी. लोईस आवरायला आत जाते. क्लार्क एकटा उरतो. त्याच्या मनात येतं, हिला खरं सांगून टाकावं.

आता नीट बघा. तो चष्मा काढतो. पोक निघून जातं, पाठीचा एकेक मणका जागेवर येतो, खांदे उघडतात. उंची खरोखर वाढल्यासारखी दिसते. हनुवटी वर येते. “लोईस,” म्हणतो, आणि आवाज दोन पायऱ्या खाली उतरलेला असतो. समोर सुपरमॅन उभा आहे, ऑफिसच्या कपड्यांत. मग ती येते, त्याचा धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, आणि आत्ता उभा राहिलेला सगळा माणूस वरपासून खालपर्यंत मिटतो. आवाज नाकात जातो. कुठेही रबर नाही, कॉम्प्युटर नाही, रंगभूषा बदललेली नाही. पाठीचा कणा, श्वास आणि आवाज, एवढ्यावर नटाने दोन माणसं दाखवली.

हा ख्रिस्तोफर रीव्ह न्यूयॉर्कच्या ज्युलियर्डमध्ये रीतसर नाटक शिकलेला होता, आणि त्याचा बावळट क्लार्क बघताना ते जागोजागी जाणवतं. त्याने भूमिकेसाठी अंग कमावलं, पण ती भूमिका त्याने जिंकली ती या बावळटपणामुळे. चष्मा घातला की कुणी ओळखत नाही, ही कथेतली सगळ्यात न पटणारी गोष्ट त्याने एकट्याने पटवून दिली.

त्याच्यानंतरचे सुपरमॅन या एका प्रसंगाशी ताडून बघा. २००६ चा ब्रँडन राउथ रीव्हची आठवण जपत राहिला, त्यामुळे त्याचा स्वतःचा माणूस दिसलाच नाही. २०१३ चा हेन्री कॅव्हिल शरीराने या सगळ्यांत भव्य, पण त्या सिनेमाने त्याला बावळट क्लार्क जवळपास दिलाच नाही. दोन माणसांतलं अंतरच काढून घेतलं तर नटाने चालायचं कुठे? २०२५ चा डेव्हिड कोरेनस्वेट पुन्हा ज्युलियर्डचाच. त्याच्या लोईसला खरं माहीत आहे, म्हणून तिथे गंमत उलटी केली आहे: ती त्याची सुपरमॅन म्हणून मुलाखत घेते, तो आधी मोठ्या रुबाबात, सुपरमॅनच्या आवाजात उत्तरं देतो, आणि प्रश्न टोचायला लागले तसतसा रुबाब गळून चिडलेला, दुखावलेला तरुण बाहेर येतो. रीव्हच्या त्या प्रसंगानंतर एवढ्या वर्षांनी मला दुसरा असा प्रसंग मिळाला.

बघून झाल्यावर पत्र लिहा, आजी. मनापासून वाट बघते आहे.

*

मी आठवीत आहे. वर्गात भांडण आहे की खरा स्पायडरमॅन कोण? टोबी, अँड्र्यू का टॉम? मी टॉम हॉलंडवाला आहे. सगळे सिनेमे हिंदीतून बघितलेत.
– एक विद्यार्थी, धायरी

तिघेही खरे, पण तुला हे उत्तर आवडणार नाही, म्हणून नीट सांगते.

स्पायडरमॅनचा मुखवटा सगळ्यात कठीण. बॅटमॅनची हनुवटी आणि ओठ तरी दिसतात. इथे काहीच नाही. रस्त्यावर बघ, स्कूटीवर बसलेल्या सगळ्या ताया डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ बांधून, वर गॉगल लावून असतात. तरी तुझी ताई तू लांबून ओळखतोस ना? कशावरून? खांद्यांवरून, हँडल धरायच्या ढबीवरून, सिग्नलला पाय टेकायच्या सवयीवरून. स्पायडरमॅन करणाऱ्या नटाचं काम हेच आहे. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाड्याच्या उत्सवात जड मुखवटे चढवून सोंगं नाचतात, तिथेही मुखवटा हलत नाही, देव अंगातून दिसावा लागतो.

या कसोटीवर मला अँड्र्यू गारफिल्ड सगळ्यांत पुढे वाटतो. २०१२ च्या सिनेमात तो गाडीचोराला पकडतो आणि चोराने छोटासा चाकू काढल्यावर घाबरल्याचं नाटक करतो, तो प्रसंग आठव. चेहरा झाकलेला आहे, तरी तो चोराची मजा घेतोय हे गुडघ्यांवरून आणि हातांवरून कळतं. लांबसडक, जरा वाकलेला, एका जागी न टिकणारा. कोळी वाटतो. आणि २०२१ मध्ये तो टॉमच्या प्रेयसीला, एमजेला, वरून पडताना झेलतो तेव्हा त्याचे डोळे का भरून येतात, हे २०१४ मध्ये तो स्वतःच्या प्रेयसीला, ग्वेनला, वाचवू शकला नव्हता हे आठवलं की कळतं. आधीच्या सिनेमातलं दुःख नटाने इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

टोबी मॅग्वायर हा मुखवट्याबाहेरचा राजा. २००४ च्या सिनेमातली आगगाडी थांबवतो तेव्हा त्याचा चेहरा उघडा आहे, आणि तो सगळा ताण त्या साध्या, गोल चेहऱ्यावर दिसतो. मग लोक त्याला हातांवर झेलून आत नेतात आणि दोन लहान मुलं मुखवटा परत आणून देतात. दिग्दर्शकाने तिथे मुखवटा काढायला लावला, कारण टोबीचं बळ त्याच्या चेहऱ्यात आहे.

तुझा टॉम हॉलंड लहानपणी लंडनच्या रंगभूमीवर संगीत नाटकात नाचायचा. उड्या, कोलांट्या त्याच्या अंगातच आहेत. आणि त्याच्या मुखवट्याचे डोळे बारीक-मोठे होतात, आधीच्या दोघांना ही सोय नव्हती. पण माझा आवडता टॉम मुखवट्याशिवायचा आहे. २०१७ च्या सिनेमात तो ढिगाऱ्याखाली अडकतो आणि आधी चक्क रडतो, मदतीला हाका मारतो, घाबरलेल्या शाळकरी मुलासारखा. मग पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, अर्धा चेहरा, अर्धा मुखवटा, आणि तो स्वतःला ‘चल, स्पायडरमॅन’ म्हणत उठतो. त्या आधीच्या रडण्यामुळे ते उठणं मोठं होतं. तू टॉमवाला आहेस, तर वर्गात हा प्रसंग सांग.

आणखी एक. तू सिनेमे हिंदीत पाहिलेस म्हणजे तू ऐकलेला आवाज टॉमचा नव्हताच, हिंदी आवाज देणाऱ्या कलाकाराचा होता. मुखवटा चढलेला असताना उड्याही बऱ्याचदा स्टंट करणाऱ्याच्या किंवा कॉम्प्युटरवर केलेल्या असतात. तेव्हा तुझा आवडता स्पायडरमॅन तीन-चार जणांनी मिळून केलाय. तोच प्रसंग एकदा हिंदीत आणि एकदा इंग्रजीत लावून बघ, आणि कुठला जास्त आवडला ते मला कळव. २०२३ चा कार्टून स्पायडरमॅन मराठीतही आला होता, तोही ऐक.

*

हल्कबद्दल कुणीच का बोलत नाही? तिथे तर नट बदलला तरी फरक पडत नाही, हिरवा राक्षस तोच.
– एक वाचक, हडपसर

फरक पडतो, आणि बराच. १९७० च्या दशकाअखेरच्या मालिकेत राग आला की हल्क होणारा डॉक्टर बिल बिक्स्बी करायचा आणि लू फेरिग्नो हिरवा रंग फासून हल्क. दोन वेगळी माणसं. त्यामुळे बिक्स्बीच्या वाट्याला फक्त दुःख आलं, आणि ते त्याने फार सुंदर केलं. २००३ मध्ये एरिक बाना आणि २००८ मध्ये एडवर्ड नॉर्टन यांनी माणूस केला, राक्षस कॉम्प्युटरने. २०१२ पासून मार्क रफलो दोन्ही करतो; राक्षसाच्या हालचाली आणि चेहऱ्यामागे तोच असतो. म्हणून त्याच्या हल्कमध्ये डॉक्टरचा ओशाळलेपणा शिल्लक दिसतो. माझं मत रफलोला, आणि बिक्स्बीची मालिका मिळाली तर नक्की बघा.

*

शक्तिमान दुसऱ्या कुणी केला तर तुम्हाला चालेल का? खरं सांगा.
– नव्वदच्या दशकातलं एक लेकरू, बिबवेवाडी

चालेल. मुकेश खन्नांचा शक्तिमान १९९७ पासून दूरदर्शनवर आला तेव्हा घराघरांत मुलं जागच्या जागी गरगर फिरायची. खन्नांचा मंद्र आवाज भीष्मामुळे आधीच सगळ्यांच्या कानात होता, आणि तो आवाज शक्तिमानला जन्मजात अधिकार देऊन गेला. पण नव्या नटाची मी परीक्षा घेईन ती गंगाधरवर, म्हणजे शक्तिमानच्या साध्या वेशातल्या रूपावर. दात पुढे, चष्मा, केसांना तेल, ते हेलकावे खाणारं हिंदी. तो गंगाधर रीव्हच्या क्लार्कचा सख्खा भाऊ आहे, आणि खन्नांनी तो अजिबात लाज न बाळगता केला. उडायला तारा आहेत. गंगाधरला काही नाही. ज्याला गंगाधर जमेल त्याला शक्तिमान द्यावा.

*

आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत मी रात्री मुखवटा घालून फिरणाऱ्या रिक्षावाल्याचं काम करतोय. दिग्दर्शक म्हणतो, बॅटमॅनसारखा खर्जातला खरखरीत आवाज काढ. दोन तालमींत घसा बसला. स्पर्धा तोंडावर आली आहे. काय करू?
– एक विद्यार्थी, शिवाजीनगर

सगळ्यात आधी तो आवाज आजपासून बंद. कोमट पाणी पी, दोन दिवस कुजबुजूही नकोस, कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो. आठवड्याभरात आवाज मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव, आणि हे पुढे ढकलू नकोस. बेलच्या तोंडाशी माइक होता, वाक्य चुकलं तर पुन्हा घेता येत होतं. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत तुला तुझ्या फुप्फुसांच्या जोरावर पोचायचंय, तेही एकाच दमात.

आवाज वेगळा वाटायला हवा असेल तर घशाला हात न लावता तीन जागा बदलता येतात. वेग: रिक्षावाला दिवसा भरभर बोलत असेल तर रात्री त्याला सावकाश बोलू दे. विराम: दिवसा समोरच्याचं वाक्य तोडतो, रात्री समोरचं बोलणं संपल्यावर पूर्ण एक श्वास थांबतो. आणि आवाजाची जागा: दिवसाचा आवाज नाकाकडे, रात्रीचा छातीत. तळहात छातीवर ठेवून ‘म’कार धर. हाताला थरथर जाणवली की जागा बरोबर आहे. ती थरथर तशीच ठेवून वाक्य म्हण. एवढ्याने प्रेक्षकाला दुसरा माणूस ऐकू येतो आणि प्रयोगानंतर तुला बोलताही येतं.

दिग्दर्शकालाही माझ्या नावाने सांग. मुखवटा रंगीत तालमीला हातात देऊ नका, पहिल्या तालमीपासून द्या. मुखवट्याची नाकाची फट आणि ओठांची जागा मोठी कापून घ्या, नाहीतर शब्दाचा शेवट आतच राहतो. तुझे संवाद मुखवट्यात किती आणि बाहेर किती हे एकदा मोजा, आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मुखवट्यात असेल तर ते बाहेर आणता येतं का बघा. आणि रिक्षावाल्याचा दिवस नीट बसवा. कोपराने हॉर्न दाबायची, मागे न बघता ‘कुठं जायचंय’ विचारायची, मीटर पाडायची त्याची पद्धत पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला पाठ झाली पाहिजे, म्हणजे रात्री मुखवट्यातल्या माणसाने मागे न बघता कोपर जरा हलवलं तरी सभागृहाला तो कळेल.

स्पर्धेची तारीख कळव. मी येईन.